न्यूज चॅनल बंद करून गावातल्या बातम्या कळत राहतील असं काही जमवलंय का कोणी?

रंकाळाकाठ

सरळ विचारते. न्यूज चॅनल पूर्ण सोडून, फोनवरची नोटिफिकेशन्स बंद करून, तरीही आपल्या शहरात, जिल्ह्यात काय चाललंय हे नीट माहीत असणारं कोणी आहे का इथे? असाल तर नेमकं काय वाचता, कधी वाचता, ते सांगा.

मी कोल्हापूरची, हायस्कूलला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. बातम्या बघणं हा माझ्या कामाचाच भाग असं मी धरून चालत आले. पण हल्ली टीव्हीवर त्या लाल पट्ट्या आणि ते म्युझिक सुरू झालं की मी खोलीतून उठून जाते. स्टाफरूममध्ये विषय काढला तर निम्म्या जणी म्हणाल्या आम्ही कधीच सोडलंय, फक्त बोललो नाही कोणाला. एक सीनिअर मॅडम मात्र म्हणाल्या की नागरिकशास्त्र शिकवणारीनेच बातम्या सोडल्या तर मुलांनी काय करायचं, आणि त्यांचंही मला पटतं, म्हणून तर हा धागा.

मला चीड कशाची येते ते सांगते. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाटेची शपथ, मग जून २०२२ मध्ये बंडखोर आमदारांचं सुरत-गुवाहाटी-गोवा, मग जुलै २०२३ मध्ये दुसरा पक्ष फुटला, तिन्ही वेळा आमच्या घरी दिवसभर टीव्ही चालू. विमान कधी उतरलं, बस कुठल्या गेटने आत गेली, हॉटेलबाहेर कोण उभं आहे, सगळं मला माहीत होतं. आणि त्याच काळात आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपलेली, नगरसेवक नाहीत, प्रशासक कारभार बघतोय, पाच वर्षं निवडणूक नाही. वर्गात मी शिकवायचे की स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे लोकशाहीचा पाया, आणि मुलं विचारायची मॅडम आपल्या वॉर्डाचं कोण आहे, तर कोणीच नाही. केवढी मोठी बातमी होती ही! मुंबई आणि पुण्याचीही मुदत मार्च २०२२ मध्ये संपून तिथेही प्रशासकच आले. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरांना लोकांनी निवडलेलं कोणी नाही आणि आम्ही बसून हॉटेलचं गेट बघतोय. या विषयावर कुठल्या चॅनलने आठवडाभर सलग रात्रीची चर्चा लावल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरं, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली. ती मला कळायलाच हवी होती. त्यानंतर आमच्या शाळेत सीसीटीव्ही कुठे आहेत, कुठे नाहीत, मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावरच आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कोण कोण जातं, या सगळ्यावर पहिल्यांदा नीट बसून बोललो आम्ही. बातमीने काम केलं. पण चॅनलवर पुढे कितीतरी दिवस जे चाललं, तेच तेच तपशील, तीच दृश्यं, एकमेकांवर ओरडणारी माणसं, त्यातून मला रात्री झोप लागेना आणि शाळेत करण्यासारखं नवीन काही कळेना.

आणि उलटं बघा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मी दर तासाला बघते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती, शिरोलीला हायवे चालू आहे का. २०१९ आणि २०२१ ला तर रात्ररात्र जागून बघितलंय. भीती वाटते पण थकवा येत नाही, कारण आकडा बघून मला ठरवायचं असतं की सामान वरच्या मजल्यावर चढवायचं की अजून थांबायचं.

म्हणजे मी बातम्यांना कंटाळलेली नाहीये हे मला कळलंय. जिच्यात मला करण्यासारखं काहीच नाही अशी बातमी दिवसभर अंगावर ओतली जाते, तिला कंटाळले आहे. आता यातून वाट काय ते सांगा.

---

उपनगरवासी

ताई, आमच्याकडे वडिलांचं हेच होतं, रिटायर झाल्यापासून दिवसभर चॅनल आणि मग बीपी. भांडून उपयोग झाला नाही. शेवटी सकाळी आकाशवाणीच्या बातम्या आणि संध्याकाळी सह्याद्रीच्या सातच्या बातम्या एवढं दोघांनी मिळून ठरवलं, मधल्या वेळात टीव्हीवर क्रिकेट किंवा जुनी नाटकं. ते प्रदीप भिडेंच्या काळातले प्रेक्षक, त्यामुळे सातच्या बातम्या म्हटल्यावर लगेच तयार झाले. गावातलं कसं कळून घ्यायचं ते मला माहीत नाही, त्यावर कोणी लिहिलं तर मीही वाचेन.

---

जुना_बातमीदार

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, आधी आतून हे कसं चालतं ते सांगतो, कारण त्याशिवाय उत्तर कळणार नाही. मी बरीच वर्षं जिल्हा बातमीदार होतो, आधी पेपरला, नंतर एका चॅनलसाठी स्ट्रिंगर, म्हणजे पगारी नव्हे, बातमीमागे पैसे मिळणारा. आता या क्षेत्रात नाही.

चॅनलला चोवीस तास भरायचे असतात आणि माणसं मोजकी. मग सगळ्यात स्वस्त बातमी कुठली? नेता माइकसमोर बोलला ती. सकाळी एकाची बाइट, अकरापर्यंत दुसऱ्या पक्षाचा फोनो (फोनवरची प्रतिक्रिया), दुपारी प्रत्युत्तर, संध्याकाळी तीच दोन वाक्यं घेऊन सहा चौकटीत सहा माणसं. यात कोणाला गावाला पाठवावं लागत नाही, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनला डिझेल लागत नाही, कागदपत्रं काढावी लागत नाहीत. तुम्ही म्हणताय तो प्रशासकाच्या कारभाराचा विषय घ्यायचा तर महापालिकेचं अंदाजपत्रक वाचता येणारा माणूस पाहिजे, तो आठवडाभर त्यावर बसला पाहिजे, आणि शेवटी होणार काय तर दीड मिनिटाचं पॅकेज. मी असे विषय सुचवले की डेस्कवरून एकच प्रश्न यायचा, व्हिज्युअल काय आहे? प्रशासकाने एका सहीत मंजूर केलेल्या ठरावाला कसलं व्हिज्युअल देणार?

लोक म्हणतात सगळा टीआरपीचा दोष. काही अंशी खरं आहे. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर आणि प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मीटर बसवलेली घरं ५०-६० हजार, त्यातून न्यूज बघणारी, त्यातून मराठी न्यूज बघणारी किती उरणार. म्हणजे थोड्याशा घरांनी रिमोट दाबला तरी आकडा हलतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघालं आणि बार्कने न्यूज चॅनलचे आकडे देणंच बंद केलं, ते थेट मार्च २०२२ पर्यंत. जवळपास दीड वर्ष आकडेच नव्हते! तेव्हा पडद्यावर काही बदललं का? नाही. आरडाओरडा तसाच, पट्ट्या तशाच. तिथे मला समजलं की आकडा हे निम्मंच कारण, खरी अडचण स्वस्त बातमीच्या सवयीची आहे, आणि ती एकदा लागली की बातमीदार कमी केले जातात, मग दुसरी बातमी आणायला माणूसच उरत नाही.

कोर्टांनी सांगून झालं. २६/११ चं लाइव्ह कव्हरेज बघून दहशतवाद्यांच्या सूत्रधारांना पोलिसांच्या हालचाली कळत होत्या, त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाब निकालात चॅनल्सना फार कडक शब्दांत सुनावलं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या मीडिया ट्रायलवर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये सविस्तर निकाल दिला, आत्महत्येचं वार्तांकन कसं करावं इथपासून सगळं त्यात आहे. त्या निकालाची बातमी झाली आणि दुसऱ्या दिवशी पुढचं चालू.

आता पेपरचं. पेपरवाले टीव्हीला नावं ठेवतात पण तिथलंही ऐका. पाच-सहा रुपयाला मिळणाऱ्या अंकात कागद आणि छपाईसुद्धा निघत नाही, वर एजंटचं आणि विक्रेत्याचं कमिशन. बाकी सगळं जाहिरातीतून. म्हणजे मालकाच्या हिशेबात गिऱ्हाईक जाहिरातदार, वाचक नव्हे. तालुका वार्ताहराला मानधन एवढं की पेट्रोल सुटत नाही, त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट, साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचं टार्गेट, दिवाळी अंकाचं टार्गेट. ज्या कारखान्याच्या चेअरमनकडून पानभर जाहिरात आणायची त्याच कारखान्याच्या काटामारीची, म्हणजे उसाच्या वजनातल्या फसवणुकीची, बातमी त्याने द्यायची, कशी देणार सांगा. मी स्वतः बघितलंय, चांगली लिहिणारी पोरं दोन वर्षांत जाहिरात प्रतिनिधी होऊन जातात. आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर याचा कळस झाला, एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत बातमी म्हणून शब्दाला शब्द छापून आला, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडं पाडलं, पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवाल लिहिला. वाचकाचा विश्वास गेला म्हणतात तो एका दिवसात नाही गेला, तो असा पान पान करत गेला.

तरी मी असं म्हणणार नाही की सगळं संपलंय. हायकोर्टाचं कोल्हापूरचं खंडपीठ घ्या. वकील मंडळी चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यासाठी भांडत होती, आंदोलनं, बंद, निवेदनं, आणि इतकी वर्षं त्या बातम्या छापत कोण राहिलं? जिल्ह्याचे पेपर. मुंबईच्या पहिल्या पानावर त्याला क्वचित जागा. ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा सगळे कॅमेरे आले. त्याआधीच्या हजारो छोट्या बातम्या ज्यांनी दिल्या त्यातल्या कित्येकांचं नावही बातमीवर नसायचं, नुसतं 'वार्ताहर'.

म्हणून उत्तर: जिल्हा आवृत्तीची आतली पानं वाचा, पहिलं पान सोडलंत तरी चालेल. जाहीर नोटिसा आणि निविदा नक्की वाचा, रस्ता कुठे होणार, कुठल्या जमिनीवरचं आरक्षण उठणार, हरकती कधीपर्यंत घेणार हे तिथेच आधी कळतं, बातमी नंतर होते किंवा होतही नाही.

---

शिरोळचा_शेतकरी

ताई तुमचं बरोबर हाय पण बातम्या सोडून आम्हास्नी चालत न्हाई. हंगाम सुरू व्हायच्या टायमाला जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय ठरलं, कुठल्या कारखान्यानं पहिली उचल किती जाहीर केली, हे कळल्याबिगर तोड कुणाला द्यायची ते ठरवता येत न्हाई. २०२५-२६ ला केंद्रानं एफआरपी, म्हंजे उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये केली ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, त्यातनं तोडणी-ओढणी वजा जाणार, आपल्याकडं उतारा जास्त म्हणून दर वाढणार, ह्यो हिशेब चॅनलवर कोण सांगतंय का? न्हाई.

मोठी बातमी सांगतो. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ ला आदेश काढला हुता की एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची, त्यो मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं रद्द केला. म्हंजे आमचा पैसा आम्हाला एकरकमी मिळायचा हक्क कोर्टानं परत दिला. लाखो शेतकऱ्यांच्या खिशातली बातमी, माझ्या घरातल्या टीव्हीवर खालच्या पट्टीतनं एकदा गेली आन संपली, त्या दिवशी वर काय चाललं हुतं तर कुणी कुणाला काय म्हणालं. मी ती जिल्ह्याच्या पेपरात दुसऱ्या दिवशी नीट वाचली आन दुधाच्या डेअरीवर सगळ्यास्नी मोठ्यानं वाचून दाखवली.

अलमट्टीची उंची ५१९ वरनं ५२४ मीटर करायची भाषा कर्नाटक करतंय, आमच्या नृसिंहवाडी-कुरुंदवाडला त्याचं काय हुणार ह्यावर आमी झोप घालवून बसलोय. आमाला बातम्या जास्त न्हाईत, कमी पडत्यात. तुमी शहरातली माणसं म्हणता लय झाल्या, तर त्या आमच्याकडं पाठवा की.

---

स्टुटगार्टकर

मी मूळ इचलकरंजीचा, कामामुळे जर्मनीत. शेतकरी दादांचा मुद्दा मनापासून पटला, आणि त्याला जोडून थोडं बाहेरचं सांगतो, कारण हे फक्त आपल्याकडचं नाहीये.

ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट दरवर्षी बऱ्याच देशांत सर्व्हे करते. २०१७ मध्ये २९ टक्के लोक म्हणायचे की आम्ही अधूनमधून किंवा नेहमी बातम्या टाळतो, २०२५ मध्ये ते ४० टक्के झाले. कारणं विचारली तर सगळ्यात जास्त जणांनी सांगितलं मूड खराब होतो, बऱ्याच जणांनी सांगितलं बातम्यांचा मारा फार होतो, आणि साधारण पाचातल्या एकाने सांगितलं की या माहितीचं मी करू शकेन असं काही नसतं. रंकाळाकाठ ताई, हे शेवटचं म्हणजे तुम्ही लिहिलंय तेच. एक लक्षात ठेवायचं, त्यात भारताचा जो नमुना असतो तो मुख्यतः इंग्रजी येणाऱ्या ऑनलाइन लोकांचा असतो, त्यामुळे डेअरीवर पेपर वाचून दाखवणारे दादा त्यात कुठेच नाहीत.

इथे जर्मनीत रात्री आठला सार्वजनिक वाहिनीवर पंधरा मिनिटांच्या बातम्या असतात, टागेसशाउ, १९५२ पासून चालू आहेत. मोठा आवाज नाही, मागे म्युझिक नाही, एक माणूस वाचतो आणि संपतं. त्यासाठी प्रत्येक घर महिन्याला १८ युरो ३६ सेंट भरतं, टीव्ही असो वा नसो. पहिल्यांदा मला ते भयंकर महाग वाटलं, आता वाटत नाही.

पण नुसते पैसे असून भागत नाही हेही बघितलंय. जुलै २०२१. १४ तारखेच्या रात्री इथे पश्चिमेकडे पूर आला, आर नदीच्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. लोकांना वेळेत इशारा मिळाला नाही. शेजारच्या राज्याच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर त्या रात्री नेहमीचे कार्यक्रम चालू ठेवल्याबद्दल प्रचंड टीका झाली. इतकी श्रीमंत संस्था, हजारो कर्मचारी. आणि त्यानंतर साधारण आठवड्याभरानेच पंचगंगेला पूर आला. मी इथून फोनवर बसलेलो, घरचे इचलकरंजीत. मला इथे बसून दर तासाला राजाराम बंधाऱ्याचा आकडा कळत होता, कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत लोकांना हलवलंय, सगळं. ते कोण देत होतं? जिल्हा प्रशासनाचे मेसेज, स्थानिक पत्रकारांचे फेसबुक लाइव्ह, पाण्यात उभं राहून बोलणारी दोन-तीन पोरं. त्या पोरांना त्याचे किती पैसे मिळाले असतील याचा मी आजही विचार करतो. मी त्यातल्या एका पोर्टलला नंतर मेसेज केला की मला वर्गणी भरायचीय, तर त्यांच्याकडे वर्गणी घ्यायची सोयच नव्हती. म्हणाले दादा जाहिरात द्या.

परदेशात राहणाऱ्यांचा अजून एक प्रॉब्लेम म्हणजे वेळ. तिकडे सकाळ होते तेव्हा इथे अजून पहाटसुद्धा झालेली नसते, मध्येच जाग आली आणि फोन बघितला की तिकडच्या सकाळच्या ताज्या बाइट्स, आणि मग डोळे टक्क उघडे. मी न्यूज ॲप्स काढून टाकली. ई-पेपर घेतलाय जिल्हा आवृत्तीचा, तो दुपारी जेवताना वाचतो. त्याला शेवटचं पान आहे, वाचून संपतो, ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट.

---

साक्रीरोड

वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी धुळ्याचा. चॅनल सोडलं, पेपर सोडला असं लोक अभिमानाने सांगतात तेव्हा मला काळजी वाटते. बातमी सोडली म्हणून माणूस माहितीशिवाय राहत नाही हो, त्या रिकाम्या जागेत फॉरवर्ड येऊन बसतात. १ जुलै २०१८, आमच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा मेसेजने सगळा परिसर आधीच पेटलेला. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षुकी करणारे पाच जण बाजाराच्या दिवशी गावात आले आणि जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारून टाकलं. पाच माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. मर्यादा आली पण माणसं गेली ती गेली. त्या भागात अफवा फिरत होती तेव्हा कोणी बातमीदाराने पाड्यापाड्यावर जाऊन, पोलिसांना विचारून, टोळी वगैरे काही नाही असं ठामपणे छापलं असतं आणि लोकांनी ते वाचलं असतं तर? मला हा प्रश्न सोडत नाही.

दुसरं राजापूरचं. शशिकांत वारिशे, स्थानिक पत्रकार, रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविरुद्ध बातमी होती त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ मध्येच विधिमंडळाने केलेला होता. कायदा होता आणि माणूस वाचला नाही. अशी माणसं तालुक्या-तालुक्यात आजही काम करतायत. 'मीडिया विकला गेलाय' हे एका दमात म्हणून टाकलं की वारिशेही त्यात जातात, हे मला सहन होत नाही. चॅनल जरूर बंद करा. पण त्यांच्यासारख्यांचं लिहिलेलं शोधून वाचायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती चॅनल लावून सोफ्यावर बसण्यापेक्षा जास्त कष्टाची आहे.

---

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. साक्रीरोड, राग कसला, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. शिरोळच्या दादा, तुमची एफआरपीची बातमी मी उद्या वर्गात घेणार आहे, आमच्या वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांची आहेत आणि हायकोर्ट सरकारचा आदेश रद्द करू शकतं हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं.

काल जुन्या बातमीदार काकांचं ऐकून (काका म्हटलं तर चालेल ना) जिल्हा आवृत्ती मागून पुढे वाचली. आतल्या पानावर आमच्या भागात पाणी कधी बंद राहणार, थेट पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे, ते चार ओळीत होतं. ज्या दिवसापासून थेट पाइपलाइन सुरू झालीय त्या दिवसापासून आम्ही काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं म्हणून खुशही आहोत आणि कधी बंद पडेल म्हणून धास्तावलेलेही, आणि ही चार ओळींची बातमी घरात कोणीच वाचलेली नव्हती, पेपर आमच्याकडेच पडलेला होता. शेजारच्या दोघींना लगेच फोन केला. जाहीर नोटिसांमध्ये मात्र गट नंबर, सर्व्हे नंबर, अनुसूची, यातलं निम्मं कळलं नाही.

काका, दोन गोष्टी विचारायच्यात. एक, पेपरात छापलेली बातमी खरी बातमी आहे की पैसे देऊन छापून आणलेली आहे हे साध्या वाचकाने कसं ओळखायचं? आठवी-नववीच्या मुलांना सांगता येईल असं सांगा. दोन, स्टुटगार्टकर म्हणाले तसं वर्गणी द्यायची तर कोणाला द्यायची?

---

जुना_बातमीदार

काका चालेल.

पहिलं. बातमीवर नाव किंवा निदान 'वार्ताहर', 'प्रतिनिधी' आणि गावाचं नाव आहे का ते बघायला सांगा मुलांना. नाही म्हणजे लगेच पेड असं नाही, पण मग पुढे बघायचं. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित', 'इम्पॅक्ट फीचर', 'मार्केटिंग उपक्रम' असं काही लिहिलंय का, अक्षराचा टाइप बाकीच्या पानापेक्षा वेगळा आहे का, बातमीभोवती चौकट आहे का. मग मजकूर: एकाच माणसाचं किंवा संस्थेचं कौतुक आहे आणि दुसऱ्या कोणाला एक प्रश्नसुद्धा विचारलेला नाही असं असेल तर शंका घ्यायची. आणि सगळ्यात पक्की खूण, त्याच दिवशीचे दोन-तीन पेपर शेजारी ठेवायचे, वाक्यं जुळली की कळलं. वाक्यं जुळली आणि ती सरकारी कार्यक्रमाची असली तर बहुतेक वेळा ती सरकारच्या माहिती कार्यालयाची प्रेसनोट असते, ते पेड नसतं, फक्त कोणी जाऊन विचारलेलं नसतं. हा फरक मुलांना जरूर सांगा. शाळेच्या वाचनालयात दोन-तीन पेपर येत असतील तर वर्गातच करून घेता येईल, पोरं पटकन पकडतात.

दुसरं. आधी घरी येतो तो पेपर बंद करू नका आणि ऑनलाइन वाचता तेव्हा ई-पेपरचे पैसे भरा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ वाचू नका, त्याने थेट आतल्या पानांवर काम करणाऱ्या माणसांच्या पोटावर पाय येतो. ग्रामीण भागातलं वाचायचं असेल तर साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ आहे, त्यावर मराठीत भाषांतरं असतात, वर्गात वाचायला उत्तम, त्यांना देणगीही देता येते. आणि आपल्या गावात जो बातमीदार पाण्यात उभा राहून लाइव्ह करतो त्याला फोन करून सांगा की अमुक विषय बघ, हे कागद घे. मला इतक्या वर्षांत बातमी आवडली म्हणून फोन आले, बातमी चुकली म्हणून शिव्या घालायला तर खूपच आले, पण हे कागद घ्या आणि याच्या मागे लागा असं सांगणारा वाचक फार क्वचित भेटला. जेव्हा भेटला तेव्हा माझ्या सगळ्यात चांगल्या बातम्या झाल्या.

नोटिशीतले गट नंबर आणि अनुसूची कसं वाचायचं ते इथे लिहिलं तर लांब होईल, वेगळा धागा काढतो रविवारी. तोपर्यंत एखाद्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा, तुमच्याच भागातली बघून समजावतो.